किनवटचा आवाज कुठे गळत होता

मागच्या पावसाळ्यात तुमचे रविवारचे फोन मी दोन-तीन वेळा मध्येच ठेवून दिले. धाकटीने तुमच्या आईला विचारलं म्हणे, आजी माझ्यावर रागावली का? तुझ्यावर नाही, बाळा. मी एका आकड्यावर रागावले होते, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते. सांगायला गेले की तुमचे आजोबा मध्ये बोलतात आणि क्रम बिघडतो.

मी नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते हे तुम्हाला माहीतच आहे. निवृत्तीनंतर आता आठवड्यातून पाच दिवस, दुपारी तीन ते पाच, मी किनवट तालुक्यातल्या एका वसतिगृहातल्या बारावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. वसतिगृह लातूरच्या एका संस्थेचं आहे. तिथे इंग्रजीचा शिक्षक टिकत नाही. येतो, महिनाभर राहतो आणि घरी काहीतरी अडचण निघते. म्हणून संस्थेने नांदेडमधल्या आपल्या वाचनालयात मला एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक कॅमेरा दिला. मुली तिकडे जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्या टीव्हीसमोर बसतात. टीव्हीवर मी दिसते, माझ्या पडद्यावर त्या दिसतात.

बारावीला इंग्रजीची तोंडी परीक्षा असते. या मुली घरी गोंडी किंवा बंजारा बोलतात, शाळेत मराठी, आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की ओढणीचं टोक तोंडात धरतात. त्यांना व्याकरण कोणीही शिकवील. त्यांचं बोलणं ऐकून तिथल्या तिथे दुरुस्त करणारं माणूस हवं होतं, आणि मी त्यासाठी होते.

जून चांगला गेला. जुलैपासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. तीन वाजता सगळं स्वच्छ ऐकू यायचं. चार वाजायच्या सुमारास मुलींचा आवाज तुटायला लागायचा. आधी एखादं अक्षर जायचं, मग अर्धं वाक्य, मग पडद्यावर सगळ्या मुली तोंड उघडं ठेवून फोटोसारख्या थांबायच्या. माझा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत ठणठणीत जायचा. रेक्टर बाई, म्हणजे तिथे मुलींबरोबर राहणाऱ्या बाई, फोनवर सांगायच्या, "मॅडम, तुमचं लई भारी ऐकू येतंय. तुम्ही खोकलात तरी पोरी दचकतात."

संस्थेचे कॉम्प्युटर बघणारे इंजिनिअर लातूरला बसतात. चाळिशी ओलांडलेले, कामसू गृहस्थ, पण एका वेळी आठ-दहा गावांचे फोन घेणारे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"मॅडम, बंद करून चालू केलं का?"

"केलं. थोडा वेळ नीट चालतं, मग पुन्हा तेच."

"चालू केल्यावर नीट चालतंय म्हणजे मशीन चांगलं हाय. किनवटकडून येणारी लाइन कमजोर असणार. जंगल हाय हो तिकडं."

मी ते खरं मानलं. आपल्याकडे किनवट म्हटलं की कोणीही जंगल म्हणतं आणि पुढचा विचार थांबवतं. मीही थांबवला. रेक्टर बाईंनी लाइनवाल्यांकडे तीन खेपा घातल्या. शेवटी ते आले, खांबावर चढले, नवी तार टाकून आणि इंटरनेटचा नवा डबा बसवून गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा मुली फोटो झाल्या.

मी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "आता काय सांगू मॅडम? तार नवी, डबा नवा. जंगल तेवढं जुनं राह्यलंय. ते तोडायला सांगता का?"

याच दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. मागे भिंतीला टेकून बसणारी एक मुलगी होती, बारीक आवाजाची. तिला मी एक उतारा सांगायला लावला. तिचं बोलणं तुकड्या-तुकड्यांनी येत होतं. मी म्हटलं, मोठ्याने बोल. ती पुन्हा बोलली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. चौथ्या वेळी मी म्हणाले, तोंडातल्या तोंडात पुटपुटलीस तर परीक्षेत शून्य मिळेल, बस खाली. ती बसली. माझा आवाज तिथे ठणठणीत जात होता, म्हणजे हे सगळ्या हॉलने ऐकलं. त्यानंतर तिने हात वर केला नाही.

सप्टेंबरात संस्थेच्या सचिवांचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. किनवटचा थेट वर्ग तांत्रिक अडचणींमुळे नीट चालत नाही असं दिसतं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत बैठकीत निर्णय घेऊन तो बंद करावा आणि लातूरच्या नामवंत शिक्षकांची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं मुलींना टीव्हीवर दाखवावीत, असा विचार आहे. मी फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, पोरींना तुमचं ऐकू येतंच ना? मग रेकॉर्डिंगचंही येईल. फरक काय पडतो?"

फरक एवढाच होता की रेकॉर्डिंगला कान नसतात. पण माझे कान तरी कुठे चालत होते? 

मी इंजिनिअर साहेबांना सांगितलं, दिवाळीच्या आत मला कारण पाहिजे. त्यांनी कंटाळून मला एक काम दिलं. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडायची, त्यांनी सांगितलेली ओळ अक्षर न अक्षर टाकायची, की नेटवर्क कार्डाची सगळी आकडेवारी एकाखाली एक येते. किती पॅकेटं आली, किती गेली, किती खराब झाली. आवाज असो की चित्र, तारेतून ते लहान-लहान पॅकेटांमध्येच येतं. "आवाज तुटला की बघा, कुठला आकडा वाढून राहिला ते सांगा," ते म्हणाले.

त्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी मी बघितलं. बाकी सगळे दोष शून्य होते. एकाच ओळीत मोठा आकडा होता, आणि दर वेळी बघितला की वाढलेला असायचा. त्या ओळीचं नाव आरएक्स अलॉक फेल. आलेलं पॅकेट ठेवायला मेमरीत जागा मागितली आणि ती मिळाली नाही, असं जितक्या वेळा झालं तितका तो आकडा. म्हणजे पॅकेट किनवटहून नांदेडपर्यंत सुखरूप आलं होतं. माझ्या टेबलाखालच्या खोक्यात त्याला ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते टाकून दिलं गेलं.

मी लगेच फोन केला. साहेब एका बारशाला जेवत होते. म्हणाले, उद्या सकाळी मी लातूरहून स्वतः बघतो. दुसऱ्या दिवशी मी अकराला वाचनालयात जाऊन कॉम्प्युटर चालू केला. त्यांनी तिकडून बघितलं.

"मॅडम, शून्य हाय."

"काल हजारांत होता."

"दुसरी ओळ बघितली असेल तुम्ही. बारीक अक्षर असतंय ते. चष्मा एकदा तपासून घ्या."

मी पस्तीस-चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. ओळ चुकत नाही माझी. पण शून्य होतं हेही खरं. पुढच्या आठवड्यात हे तीनदा झालं. दुपारी मी आकडा बघायची, सकाळी त्यांना शून्य दिसायचं. तिसऱ्यांदा त्यांनी मला 'मॅडम' न म्हणता 'आजी' म्हटलं, तेव्हा मी फोन ठेवला. त्या रविवारी तुमचाही फोन मी ठेवला होता.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. एक दोनशे पानी वही घेतली आणि रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात तो आकडा, तिसऱ्यात मेमरी किती रिकामी, चौथ्यात मुलींचा आवाज कसा. दर दहा मिनिटांनी मुलींना दोन ओळी लिहायला द्यायच्या आणि तेवढ्यात नोंद करायची. तुमचे आजोबा म्हणाले, "डॉक्टरांनी बीपी रोज लिहून ठेवायला सांगितलं तर तुला वेळ नाही. त्या खोक्याचं मात्र दर दहा मिनिटांनी. त्याला गोळी कोणती चालू केलीस?"

वहीच्या दुसऱ्याच पानावर सगळं होतं, फक्त मला दिसायला चार दिवस लागले. चारला आकडा हजारांत. चार वाजून दहा मिनिटांनी मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सव्वाचारला आकडा शून्य. कार्ड चालू झालं की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. आणि मी काय करत होते? आवाज तुटला की बंद करून चालू. पाच वाजता वर्ग संपला की रीतसर बंद, मग भिंतीवरचं मुख्य बटण बंद, मग वर कापड. आपल्याकडे वीज कधी कशी येईल सांगता येत नाही, म्हणून आयुष्यभर लावून घेतलेली सवय. पुरावा मी रोज दोनदा स्वतःच्या हाताने पुसत होते, आणि सकाळी साहेबांना चकचकीत पाटी दाखवून वर भांडत होते.

मला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी मी घरापर्यंत चालत गेले. रिक्षावाल्याशी बोलायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बटणाला हात लावला नाही. आवाज तुटला, तुटू दिला. मुलींना लेखी काम दिलं. रात्रभर कॉम्प्युटर चालू राहील असं वाचनालयाच्या शिपायाला दोनदा बजावलं. सकाळी लातूरहून साहेबांनी बघितलं.

"हाय खरं," ते म्हणाले. "मग मेमरी कमी पडत असंल. वाढवून घेऊ. मागणी टाकतो, दिवाळीनंतर येईल."

"मेमरी कमी नाही. माझा तिसरा रकाना ऐका. आवाज तुटतो तेव्हाही चौथा हिस्सा रिकामा असतो."

"मग तसं होत नसतंय, मॅडम."

होत नसतंय. रोज चार वाजता होत होतं.

त्या कार्डाच्या बरोबर एक इंग्रजी माहितीपत्रक आलेलं असतं, जे कोणी वाचत नाही. मी ते मिळवलं. त्यातलं बरंचसं मला कळलं नाही. पण मी मुलांना उतारा वाचायला शिकवलं आहे, आणि पहिला नियम हा की शब्द गाळायचा नाही. अलॉक फेलच्या पुढे एकच वाक्य होतं: पॅकेटासाठी लागणाऱ्या आकाराची सलग जागा न मिळाल्यास हा आकडा वाढतो. मी ते आधीही वाचलं होतं, पण 'जागा न मिळाल्यास' एवढंच. 'सलग' हा शब्द मीच गाळला होता.

तुम्हाला कळावं म्हणून सांगते. मंगल कार्यालयात पंगत बसली आहे. चाळीस पाट रिकामे आहेत, पण एक इथे, एक तिथे, एक खांबाआड. तेवढ्यात गावाकडून जीपने नऊ जण येतात आणि म्हणतात, आम्हाला एका रांगेत शेजारी-शेजारी बसवा. चाळीस पाट असून नऊ सलग नाहीत, म्हणून ते न जेवता परत जातात. पंगत सुरू होताना हा प्रश्न नसतो, कारण सगळी रांग मोकळी असते. तासाभराने लोक उठून-बसून रांगा विस्कटल्या की तो येतो. कॉम्प्युटर नुकता चालू केला की नीट का चालायचा, ते मला त्या वाक्यावरून कळलं.

आता प्रश्न एकच उरला. हा कॉम्प्युटर एकेका पॅकेटासाठी किती मोठी जागा मागतो? फोनवर विचारून उपयोग नव्हता. मी मशीन चालूच ठेवायला शिपायाला सांगितलं, वही पिशवीत घातली आणि सकाळच्या एसटीने लातूर गाठलं.

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "एवढ्यासाठी कशाला आलात मॅडम? फोन करायचा की."

"फोनवर तुम्ही जंगलात शिरता. म्हणून समोर आले. पॅकेटाचा आकार किती ठेवलाय नांदेडच्या मशीनवर?"

"पंधराशे बाइट. सगळीकडं तेवढाच असतोय."

"बघून सांगा."

"मॅडम, मी किती वर्षं हे काम करून राहिलो..."

"बघून सांगा."

त्यांनी बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. "नऊ हजार हाय," ते म्हणाले. "हे लातूरचं हाय."

लातूरच्या मुख्य इमारतीत मोठमोठी मशीनं आहेत. ती आपसांत व्याख्यानांची अवजड रेकॉर्डिंग इकडून तिकडे करतात, आणि त्यांच्यासाठी पॅकेटही मोठं ठरवलेलं आहे. जुलैत साहेबांनी सगळ्या गावांच्या मशीनवर एकच लातूरची सेटिंग टाकली होती. माझ्या लहानशा कॉम्प्युटरकडे किनवटहून येणारं पॅकेट लहानच होतं. तरी तो प्रत्येकासाठी नऊ हजारांची सलग जागा अडवायला बघायचा.

"टाकताना प्रत्येक मशीन बघितलं नाहीत?"

"लातूरला चालतंय म्हणल्यावर कोण बघतंय, मॅडम? पोरंसुद्धा लातूरला चालतंय म्हणूनच इथं येतात ना शिकायला."

आमच्या मराठवाड्यात शिक्षणाच्या बाबतीत लातूरने केलं ते बरोबर, हे आम्ही सगळेच धरून चालतो. मीसुद्धा नांदेडात बसून साडेतीन महिने किनवटलाच संशयाने बघत होते. लातूरकडे बघायचं मला सुचलं नाही.

त्यांनी तिथूनच आकडा बदलला. मी घड्याळ बघितलं, एक मिनिटही लागलं नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आणि अर्धा ऑक्टोबर गेला होता, रेक्टर बाईंच्या तीन खेपा, एक नवी तार आणि एक नवा डबा गेला होता, आणि बोटाच्या चार ठोक्यांत ते मिटलं. मला आनंद व्हायला हवा होता. परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत मी दात आवळून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत दुसऱ्या रकान्यात शून्य होतं, आणि हे शून्य खरं होतं. पण मुलींना मी साडेतीन महिने मोठ्याने बोला, मोठ्याने बोला म्हणून शिकवलं होतं. त्या उभ्या राहून किंचाळत उत्तर देत होत्या. मी कानाला हात लावून म्हटलं, हळू. कोणाचा विश्वास बसेना. मग मी त्यांना सगळं सांगितलं, की दोष तुमच्याकडे नव्हता, तो माझ्या टेबलाखाली होता, आणि भिंतीजवळच्या मुलीचं नाव घेऊन तिची माफी मागितली. ती ओढणीचं टोक तोंडात धरून बसली. तिच्या शेजारच्या मुलीने मात्र विचारलं, "मॅडम, मग ते शून्य कुणाला?"

तिच्यासकट सगळ्यांच्या सरावाच्या तोंडी परीक्षा मी पहिल्यापासून पुन्हा घेतल्या. भिंतीजवळच्या मुलीचा उच्चार वर्गात सगळ्यांत स्वच्छ निघाला, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

दिवाळीच्या बैठकीसाठी मी वहीच्या शेवटच्या आठ पानांची प्रत पाठवली, सगळी शून्यं. सोबत काय झालं ते दीड पानात लिहिलं: मी रोज मशीन बंद करून मोजणी पुसत होते हेही, आणि लातूरची सेटिंग हेही. सुट्टी संपताना सचिवांचं पत्र आलं. थेट वर्ग मार्चपर्यंत चालू राहील. खाली कारण होतं: किनवट येथील लाइनची दुरुस्ती पूर्ण झाल्यामुळे.

मी साहेबांना फोन केला. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, मी लिहिलं होतं बरोबर. वर टाइप करणाऱ्यांनी बदललं असेल." मी सचिवांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. तिसऱ्याला उत्तर नाही.

रेक्टर बाईंना हे सगळं सांगितलं तर त्या हसायला लागल्या. "राहू द्या मॅडम. वर्ग चालू हाय, पोरी बोलून राहिल्या. कागदावर जंगल तर जंगल."

"पण बाई, उद्या पुन्हा काही बिघडलं तर पुन्हा तुमच्याकडेच बोट दाखवतील. तुमच्या फायलीत लाइन खराब होती असंच राहील."

"हाव, ते तर दाखवतीलच," त्या म्हणाल्या. "तार पुन्हा नवी मिळंल."

त्यांना हसता येतं. मला येत नाही. आज शुक्रवार आहे. तीनला वर्ग आहे, सरावाच्या दुसऱ्या फेरीत बारा मुलींच्या तोंडी घ्यायच्या राहिल्या आहेत, आणि त्याआधी मला सचिवांना चौथं पत्र टाइप करायचं आहे. त्याची एक प्रत या वेळी मी किनवटलाही पाठवणार आहे, रेक्टर बाईंच्या फायलीत लावायला.